पांडवलेण्यातले पाच क

ब्राह्मी लिपी शिकायला बसणाऱ्याने आधी क हातात घ्यावा. एक उभी रेघ, तिला मधोमध छेदणारी एक आडवी. बेरजेची खूण काढता आली की अशोकाच्या काळातला क आला. आणि नाशिककरांना त्यासाठी पुस्तकही लागत नाही. त्रिरश्मी डोंगरावर, चैत्यगृहाशेजारच्या १९ क्रमांकाच्या लहानशा लेण्यात एका छोट्याशा लेखात क पाच वेळा येतो:

सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित

सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना नासिकच्या श्रमण-महामात्राने हे लेणं करवलं, असा अर्थ. श्रमण म्हणजे भिक्षू, महामात्र म्हणजे मोठा अधिकारी. काळ साधारण इ.स.पू. १०० च्या आसपासचा मानतात.

आता पाचही क एकेक करून पाहा. ‘कन्हे’मधला क साधा, नुसती फुली. ‘कुले’मध्ये उभ्या रेघेच्या पायाशी उजवीकडे छोटी आडवी रेघ, तो उकार. ‘नासिककेन’मध्ये दोन क शेजारी शेजारी: पहिला साधा, दुसऱ्याच्या माथ्याला डावीकडे रेघ, म्हणजे के. ‘कारित’मध्ये तीच रेघ माथ्याला उजवीकडे गेली की का. नवशिक्यासाठी इतका नेटका धडा मला दुसरीकडे दिसलेला नाही.

‘नासिककेन’मधला दुसरा क म्हणजे प्रत्यय, ‘तिथला’ या अर्थाचा. आज नाशिककर म्हणताना ‘कर’ जे काम करतो, ते इथे हा एकटा क करतो.

लेण्यात उजेड कमी असतो, म्हणून टॉर्च न्यावा. पण तो अक्षरांवर समोरून मारला की सगळं सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ टेकवून, एका बाजूने तिरपा धरा, म्हणजे खोदलेल्या रेघेत सावली पडते. अक्षरात खडू भरू नका, पाणी मारू नका, बोट फिरवू नका. दोन हजार वर्षं टिकलेली कड अशानेच जाते.

सगळ्यात जास्त चुका क आणि र यांत होतात. र म्हणजे नुसती उभी रेघ. दगड झिजून क ची आडवी रेघ गेली की क चा र वाचला जातो. उलट दगडातली आडवी चीर र वर आली की त्याचा क होतो. चिरेची खोली सारखी नसते आणि ती अक्षराच्या पुढेही जाते, एवढं तपासलं तरी बरंच निभावतं.

१० नंबरच्या लेण्यात, म्हणजे क्षत्रप राजा नहपान याच्या काळातल्या नहपान लेण्यात आलात की हाच क बदललेला भेटतो. मधे दोनेकशे वर्षं गेलीत. उभी रेघ खाली लांबलीय, तिचं टोक बऱ्याचदा डावीकडे किंचित वळलंय आणि माथा जाड झालाय. हा जाड माथा काना समजून घोटाळा होतो. काना असेल तर रेघ स्पष्टपणे उजवीकडे बाहेर निघालेली दिसते. पुढच्या शतकांत आडव्या रेघेची टोकं खाली झुकली, डावं टोक वळून उभ्या रेघेला मिळालं आणि पोकळ गाठ झाली, उजवं लोंबत राहिलं. माथा पसरून शिरोरेघ झाली. आपला क तो हाच. मूळ फुली कुठून आली यावर मात्र एकमत नाही. जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी ती सेमिटिक लिपीतल्या ‘काफ’शी जोडली, काफ म्हणजे तळहात, अनेकांना ते पटत नाही.

नहपान लेण्याच्या ओसरीत क ला तोटा नाही. नहपानाचा जावई उषवदात याने कहापण, म्हणजे नाणी, ‘कोळीकनिकाये’ ठेवली. हे कोळीक म्हणजे विणकर. २००० कहापण दरमहा शेकडा १ व्याजाने, त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हिशेब मांडून पाहा: वर्षाचे २४०, बरोब्बर.

को पाहायचा तर नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिच्या दानलेखात पाहा, खोलीच्या दारावर. शब्द आहे ‘ओवरको’. शेवटच्या अक्षरात माथ्याला डावीकडे एक रेघ, उजवीकडे एक, आणि खाली नेहमीची फुली. पुढे बोलता बोलता त्यातला क गळाला, जसा कुंभकारचा कुंभार होताना गळाला, आणि आपल्याकडे ओवरी उरली.