जुनी कयाक, स्वस्तातलं वल्हं आणि तलावातले सहा किलोमीटर

मार्ग: लांबट, बंद पाण्याचा तलाव. काठाकाठाने तीन किलोमीटर वर, तेवढंच परत. पावणेसातला बोटी पाण्यात, सव्वादहाच्या आत बाहेर. तीन कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या बोटी: दोन सेकंडहँड सिट-ऑन-टॉप, म्हणजे बंद पोटाच्या, वर बसायच्या (एक 3 मीटर, एक 3.6 मीटर) आणि एक हवा भरायची. वल्हवणारे तिघं, त्यातले दोघं नवखे.

आधी खरेदीचं. पॉलिथिनच्या जुन्या कयाकवरचे ओरखडे बघून भाव पाडावा, पण घाबरू नये; ओरखड्यांनी बोट बुडत नाही. बघायचं ते दोन ठिकाणी. एक, पाणी निचरायची आरपार भोकं. भोकांत खुंट्या घुसणाऱ्या ट्रॉलीवर बोट वाहिली असेल तर तिथेच चिरा पडतात. दुसरं, मागच्या टोकाचा तळ, कारण दगडांवरून ओढताना सगळा भार तिथे येतो. डिकीचं, म्हणजे बोटीतल्या सामानाच्या कप्प्याचं झाकण उघडून आत पाच-सहा लिटर पाणी ओता, बोट सगळीकडून कलवा आणि बाहेरून हात फिरवा. ओल लागली तर सौदा सोडा. एपॉक्सी किंवा फायबरग्लास पॉलिथिनला धरत नाही, थोड्याच दिवसांत खपली निघते. त्याच प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंग करावं लागतं. रंग उडून पृष्ठभाग खडूसारखा हाताला लागत असेल तर प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालंय. तळाला पडलेला पोचा मात्र क्षुल्लक: बोट दोन-तीन तास उन्हात पालथी ठेवली की बहुतेकदा आपोआप वर येतो.

वल्ह्याच्या लांबीत चूक महागात पडते. 75 ते 80 सेंटिमीटर रुंद बोटीला 230 ते 240 सेंटिमीटरचं वल्हं हवं. 3 मीटरच्या बोटीवर 210 चं होतं. दर फटक्याला बोटांची पेरं काठावर घासत होती. ॲल्युमिनियमची दांडी आणि प्लास्टिकची पाती सुरुवातीला पुरतात. दांडी आवळून धरू नका, हाताला फोड त्यानेच येतात. पातं पायाच्या पंज्याजवळ पाण्यात घालायचं, कमरेशी आलं की बाहेर. जोर दंडातून नाही, धड फिरवून.

सीटऐवजी बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची जुनी झोपायची मॅट दुहेरी कापून चालते. पाणी उपसायला गाडी धुवायचा स्पंज. मोबाइलसाठी जलरोधक पाउच, पण आधी त्यात टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत दाबून ठेवा.

लाइफ जॅकेटमध्ये काटकसर नाही. जुनं घ्यायचंच तर फोम दाबून बघा. तो लगेच फुगून वर आला नाही तर त्याची तरंगवायची ताकद गेलेली आहे. पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर मोठं आहे. शिट्टी जॅकेटलाच बांधा, डिकीत नको.

निघण्याआधी अर्धा तास छातीभर पाण्यात मुद्दाम उलटण्याचा सराव झाला. हा अर्धा तास वगळून पुढे जाणाऱ्याने काठापासून वीस मीटरच्या आतच राहावं. पद्धत: वल्हं न सोडता उलट्या बोटीवरून हात टाकून पलीकडचा काठ किंवा पट्टा पकडा, मागे रेलून ती सुलटी करा. मग पाय पाण्यावर आडवे मारत पोट बोटीवर चढवा, वळून बूड सीटवर टेकवा, शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय. नवखे आधी गुडघा चढवतात आणि बोट पुन्हा अंगावर येते. ज्या बोटीच्या पोटात बसायचं, तिच्यात उलटल्यावर शंभर लिटरहून जास्त पाणी भरू शकतं. त्यामुळे पुढच्या-मागच्या पोकळीत हवेच्या पिशव्या घट्ट बांधलेल्या नसतील तर ती खोल पाण्यात नेऊ नये.

जाताना एक तास पाच मिनिटं लागली. पहाटे पाणी आरसा होतं, पण अंदाज नऊनंतर वाऱ्याचा होता, म्हणून सुरुवात वारा येणार त्याच दिशेने. हे उलटं केलं तर दमलेल्या हातांनी वाऱ्याविरुद्ध परतावं लागतं. हवेची बोट इथेच मागे पडू लागली: तळाची फिन (बोट सरळ ठेवणारं उभं पातं) बसवायची राहिली होती, त्यामुळे दर फटक्याला तोंड भरकटत होतं. शिवाय गार पाण्यात हवा आकसते. पाण्यात टाकल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारा. थांब्यावर उलट भीती. उन्हात ठेवलेल्या बोटीतली हवा फुगून शिवण उसवते, म्हणून थोडी सोडायची आणि बोट सावलीत ओढायची.

पाऊण तासाच्या थांब्यानंतर लाटांवर तुरळक पांढरे तुरे दिसू लागले. नवख्यांसाठी ही परतायची खूण, आणि तोवर परतीचा काठ वारा पाठीशी घेऊन गाठता आला पाहिजे. मागून, तिरका वारा बोटीचं तोंड स्वतःकडे वळवतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब, अर्धवर्तुळाकार फटका मारायचा. आणि सामान मागे सरकवायचं. पाच लिटरचा पाण्याचा कॅन मागे ठेवल्यावर 3 मीटरची बोट बरीच सरळ चालली.

वाहतं पाणी, बंधारा, पाण्यात पडलेली झाडं हे पहिल्या वर्षाचे विषय नाहीत. बंधाऱ्याखालचा भोवरा जॅकेट घातलेल्यालाही फिरवत ठेवतो. स्वतःला बोटीशी दोरीने बांधणं तिथे जीवघेणं ठरतं.

गाडीच्या टपावर फोमचे ठोकळे आणि दोन साधे बकलाचे पट्टे पुरतात. रॅचेटने (दातेरी चाकाच्या आवळणीने) आवळल्यास बोटीची कूस दबते. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वाटभर गुणगुणतो. घरी आल्यावर पाणी काढायचं बूच काढून बोट कुशीवर, सावलीत. हवेची असेल तर शिवणीतलं पाणी पुसून, पूर्ण वाळल्यावरच घडी. आणि ते बूच बोटीलाच दोरीने बांधून ठेवा.