मराठी पासफ्रेज चालणारं लॉगिन: रास्पबेरी पाय सर्व्हर, टप्पा ३

टप्पा २ पर्यंत युजर-टेबल, सेशन आणि चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा उभी राहिली होती. या टप्प्याचं काम एकच. मराठीत टाइप केलेली पासफ्रेज (पासवर्डऐवजी वापरायची शब्दांची ओळ) सर्व्हरने धडपणे घ्यायची, साठवायची आणि उद्या ती दुसऱ्याच कीबोर्डवरून आली तरी ओळखायची. सर्व्हर म्हणजे दादरच्या एका घरात राउटरशेजारी चालणारा २ जीबीचा रास्पबेरी पाय ४. त्यावर फोटो, कॅलेंडर आणि संपर्क आहेत. वापरणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी बरीच. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिसळलेला पासवर्ड त्यांच्याकडे हमखास वहीत लिहिलेला असतो, पण सहा मराठी शब्द तोंडपाठ राहतात. त्यामुळे हे काम हौसेचं असलं तरी गरजेचं आहे.

बीक्रिप्ट का काढलं

जुन्या कोडमध्ये बीक्रिप्ट होतं, म्हणजे पासवर्डचा मूळ मजकूर परत न मिळणारा ठसा (हॅश) बनवणारी पद्धत. १९९९ पासूनचं, टिकाऊ, पण त्याची मर्यादा ७२ बाइटची. इंग्रजीत ती ७२ अक्षरं, म्हणजे कुणाला कधी आडवी येत नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि त्यात मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे जागा फक्त २४ चिन्हांची.

उदाहरणादाखल ‘परळच्या पुलाखाली उभा निळा हत्ती’ ही पासफ्रेज घ्या. देवनागरी चिन्हं २७, मोकळ्या जागा ४, एकूण ८५ बाइट. ‘निळा’ संपेपर्यंत ६९ बाइट होतात, पुढची जागा धरून ७०. उरले दोन बाइट, आणि ‘ह’ला लागतात तीन. बीक्रिप्ट ‘ह’च्या मधोमध कापतं. आता गंमत अशी की ॲ सारखे मोजके अपवाद सोडले तर देवनागरीच्या स्वरांचे आणि व्यंजनांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात, अक्षर ठरतं ते तिसऱ्या बाइटवर. म्हणून याच खात्यात ‘परळच्या पुलाखाली उभा निळा घोडा’ टाकलं तरी दार उघडतं. शेवटचा शब्द तपासलाच जात नाही.

काही लायब्ररी हे गुपचूप कापतात, पीएचपीचं पासवर्ड-हॅश फंक्शन त्यातलंच. गो (Go) भाषेची लायब्ररी मात्र ७२ च्या पुढे हॅश करायला नकार देते, आणि हेच योग्य. आपली लायब्ररी काय करते हे दस्तऐवज वाचून ठरवू नका, वरच्या दोन वाक्यांनी स्वतः तपासा. हत्तीचा हॅश बनवा आणि घोड्याने पडताळा.

‘आधी एसएचए-२५६ करू, मग बीक्रिप्टला देऊ’ हा उपाय बरेच जण सुचवतात (एसएचए-२५६ कितीही लांब मजकुराचा ३२ बाइटचा हॅश देतं, त्याला डायजेस्ट म्हणतात). त्यात एक खड्डा आहे. डायजेस्टचे कच्चे बाइट दिले आणि लायब्ररी सी भाषेसारखी शून्य बाइटवर थांबणारी असली, तर सरासरी दर २५६ डायजेस्टमागे एकाचा पहिलाच बाइट शून्य निघतो आणि तो पासवर्ड रिकामा ठरतो. बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून, दिलं तर वाचतो. पण एवढी ठिगळं लावण्यापेक्षा आम्ही सरळ आरगॉन२आयडी या दुसऱ्या हॅश-पद्धतीवर गेलो, तिला ७२ बाइटची मर्यादा नाही.

दिसायला एक, बाइट वेगळे

खरा वेळ इथे गेला, आणि पुढे कुणी मराठी पासफ्रेजवर काम करणार असेल तर त्यानेही इथेच थांबून नीट बघावं.

‘दऱ्या’ हा शब्द तीन प्रकारांनी टाइप होतो. पहिला प्रकार: युनिकोडचं स्वतंत्र अक्षर ऱ, म्हणजे यू+०९३१, मग हलन्त, य, काना. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की हेच येतं. दुसरा: साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त, य, काना. तिसरा: साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य, काना, म्हणजे ‘दर्‍या’. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. बाइट मोजले तर पहिल्याचे १५, उरलेल्या दोन्हींचे १८. हॅश अर्थातच तीन.

सगळीकडे सल्ला मिळतो तो युनिकोड नॉर्मलायझेशनचा, म्हणजे समतुल्य रूपं ठरलेल्या नियमाने एकसारखी करण्याचा. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या २०१७ च्या ८००-६३बी मध्ये त्याचा एनएफकेसी किंवा एनएफकेडी हा प्रकार सांगितला होता, आणि त्याच वर्षीच्या आरएफसी ८२६५ या इंटरनेट मानकात पासवर्डसाठी एनएफसी. देवनागरीपुरता एनएफसी आणि एनएफकेसी यांत फरक पडत नाही. दोन्ही दुसऱ्या प्रकाराला पहिल्यात आणतात. तिसऱ्याला हात लावत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने जॉइनर हे वेगळं चिन्ह आहे आणि ते तसंच राहतं.

मग जॉइनर सरसकट काढून टाकावेत, असं वाटतं. ते करू नका. जॉइनर काढला की तिसऱ्या प्रकाराचा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. पहिल्या प्रकाराशी तो तरीही जुळत नाहीच.

ॲ ची तीच कथा. यू+०९७२ हे तयार अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम चालायचं, आणि कित्येक ठिकाणी मध्ये जॉइनर घालून चालायचं. आजही तिन्ही रूपं सर्रास आढळतात. नॉर्मलायझेशन ती एकत्र करत नाही, कारण युनिकोडमध्ये ती समतुल्य म्हणून नोंदलेलीच नाहीत. ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द पासफ्रेजमध्ये असला की फोन बदलल्यावर लॉगिन बंद पडलंच म्हणून समजा.

आकड्यांचंही असंच: पिनकोड ४०००२८ वगैरे लिहिताना एक कीबोर्ड देवनागरी अंक देतो, दुसरा रोमन. फोनवर सुचवलेला शब्द निवडला की मागे आपोआप एक मोकळी जागा येते, ती वेगळीच.

सध्या लागू असलेले नियम, याच क्रमाने

आलेले बाइट वैध यूटीएफ-८ आहेत का ते पाहायचं. नसतील किंवा ५१२ च्या वर असतील तर तिथेच परत पाठवायचं. कापायचं काहीही नाही. मग ‘र, हलन्त, जॉइनर’ दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ ठेवायचं. त्यानंतर उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढायचे. मग अ आणि चंद्र मिळून ॲ करायचा. आ आणि चंद्र, तसंच अ आणि ॉ, या दोन्ही जोड्यांचा ऑ. मग एनएफसी. मग देवनागरी अंक रोमन अंकांत. शेवटी सगळ्या प्रकारच्या मोकळ्या जागांची साधी जागा करायची, सलग असतील तर एक ठेवायची, टोकांच्या काढायच्या.

क्रम हलवला की मोडतं. ऱ चा नियम जॉइनर काढण्याआधी हवा, ॲ चा जॉइनर काढल्यानंतर. चाचणीच्या संचात दऱ्या, वऱ्हाड, ॲ आणि ऑ यांची सगळी रूपं आहेत आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ वेगळे राहिले पाहिजेत ही उलटी चाचणीही आहे. ही उलटी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण नियम वाढवण्याच्या भरात नको ते शब्द एकत्र होतात.

ह्रस्व-दीर्घ एकत्र करावं का, यावर बरीच चर्चा झाली. निर्णय: नाही. कीबोर्डमुळे पडणारा फरक सर्व्हरने मिटवायचा, शुद्धलेखनाचा फरक माणसाचा. तो मिटवायला गेलं तर अनुस्वार, परसवर्ण, जुनं-नवं लेखन असं शेपूट वाढत जातं.

हे नियम पुढे बदलणार हे गृहीत धरून प्रत्येक हॅशसोबत नियमांची आवृत्ती साठवली आहे. हॅशमधून मूळ मजकूर परत मिळत नाही, त्यामुळे जुने हॅश नव्या नियमात बसवायची संधी फक्त लॉगिनच्या क्षणी मिळते. साठवलेल्या आवृत्तीने पडताळायचं, जुळलं आणि आवृत्ती जुनी असली तर तिथल्या तिथे नवीन हॅश लिहायचा. आरगॉन२चे आकडे वाढवतानाही हाच रस्ता वापरायचा.

शब्दांची यादी आणि लांबी

माणसाने स्वतः सुचवलेली वाक्यं ओळखीची निघतात: आरत्या, घोषणा, गाण्यांची धृपदं. म्हणून सर्व्हर स्वतःच शब्द देतो. यादी १२९६ शब्दांची, म्हणजे चार फाशांची सगळी दानं. प्रत्येक शब्दामागे १०.३ बिट, सहा शब्दांचे ६२. यादीत ऱ आणि ॲ असलेले शब्द घेतलेच नाहीत, ह्रस्व-दीर्घात लोक गोंधळतात ते शब्दही नाहीत. नियम कितीही चांगले असले तरी अवघड अक्षर टाळता येत असेल तर टाळावं.

ज्यांना स्वतःची पासफ्रेज हवी त्यांना किमान चार शब्द आणि २० चिन्हं. फक्त चिन्हांच्या संख्येवर विसंबता येत नाही: ‘हत्ती’ ऐकायला दोन अक्षरं, युनिकोडच्या हिशेबात पाच चिन्हं. इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा तशीच उचलली तर मराठीत ती फार सैल पडते.

नाकारायच्या, सहज ओळखता येणाऱ्या पासफ्रेजच्या यादीशी तुलना नियम लावल्यानंतरच करायची. फुटलेल्या पासवर्डांसाठी हॅव आय बीन पोन्डची सेवा वापरली आहे. तिला एसएचए-१ ची फक्त पहिली पाच हेक्स अक्षरं जातात, बाकी जुळवणी आपल्याकडे होते. इथे मात्र टाइप केलेलं मूळ रूप आणि नियम लावलेलं रूप, दोन्ही तपासायची. तिथली यादी आपल्या नियमांनी बनलेली नाही.

पासवर्डच्या रकान्याचीही एक अडचण आहे. मॅकवर त्या रकान्यात देवनागरी कीबोर्ड चालतच नाही आणि फोनवर लिप्यंतराचे पर्याय दिसत नाहीत. त्यामुळे ‘मजकूर दाखवा’ हे बटण ऐच्छिक न ठेवता पासफ्रेजचा रकाना सुरुवातीलाच उघडा ठेवला आहे. मागे कुणी उभं असेल तर झाकायचं बटण आहे.

आरगॉन२ आणि २ जीबी

आकडे आरएफसी ९१०६ च्या दुसऱ्या शिफारशीचे: मेमरी ६४ एमआयबी, ३ फेऱ्या, ४ लेन, सॉल्ट (प्रत्येक हॅशमध्ये मिसळायचा रँडम भाग) १६ बाइट, निकाल ३२ बाइट. एकेक लॉगिन ठीक चालतं. अडचण एकाच वेळी आलेल्यांची, कारण आठ जण आले की ५१२ एमआयबी फक्त हॅशिंगला जातात आणि फोटोंची प्रक्रिया चालू असेल तर कर्नल कुणाला तरी मारतो. म्हणून एका वेळी दोनच हॅश, बाकीचे रांगेत. नाव अस्तित्वात नसलं तरी एका खोट्या हॅशवर तेवढंच काम करायचं, नाहीतर उत्तराच्या वेगावरून कोणतं नाव खरं ते कळतं.

कॅलेंडर आणि संपर्काची ॲप प्रत्येक विनंतीसोबत पासवर्ड पाठवतात. तिथे आरगॉन२ ठेवलं तर पाय दिवसभर तेच करत बसेल. शिवाय बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये देवनागरीचं एन्कोडिंग सगळी ॲप सारखं करत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी टोकनं आहेत: १६ रँडम बाइट, बेस३२ मध्ये २६ अक्षरं, साठवताना फक्त एसएचए-२५६. टोकन मुळातच १२८ बिटचं असल्यामुळे संथ हॅशची गरज नाही. एका उपकरणाला एक टोकन, म्हणजे फोन हरवला तर तेवढंच रद्द.

आरगॉन२च्या आधी ३२ बाइटच्या कीने एचमॅक, म्हणजे गुप्त की मिसळलेला हॅश, लावला आहे. की डेटाबेसबाहेरच्या फाइलमध्ये आहे. डेटाबेसचा बॅकअप बाहेर गेला तर तिचा उपयोग, आख्खं एसडी कार्डच चोरीला गेलं तर नाही.

घड्याळ

पासफ्रेजनंतरचा दुसरा घटक टीओटीपीचा, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या कोडचा, आरएफसी ६२३८ प्रमाणे ३० सेकंदांचा. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. वीज येऊन पाय आधी उठला आणि इंटरनेट मागाहून आलं, तर मधल्या वेळात तो जुन्याच वेळेत असतो: कुणाचाही कोड जुळत नाही, आणि पायवरचाच एखादा प्रोग्रॅम नुकतंच घेतलेलं सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारू शकतो. लॅमिंग्टन रोडवर डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं तयार मॉड्यूल मिळतं. जोडणी पायच्या १, ३, ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर: ३.३ व्होल्ट, एसडीए, एससीएल, ग्राउंड. ५ व्होल्ट देऊ नका. एक तर सिग्नलच्या तारा ५ व्होल्टला खेचल्या जातात, आणि दुसरं म्हणजे या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारी जोडणी असते, जी न चार्ज होणाऱ्या सीआर२०३२ सेलवर ताण आणते. ३.३ व्होल्टवर डायोडमागे उरणारा दाब सेलपेक्षा कमी असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. चिपची अचूकता ±२ पीपीएम (दहा लाखांत दोन), वर्षाला साधारण एक मिनिट. एरवी वेळ इंटरनेटवरून जुळतच असते, मधल्या तासाभरासाठी हे भरपूर.

कोड पडताळताना मागचा-पुढचा ३० सेकंदांचा एकेक टप्पा चालतो, आणि एकदा वापरलेला टप्पा पुन्हा चालत नाही. शेवटचा वापरलेला टप्पा खात्यात लिहून ठेवला की झालं.

सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टचं, डीएनएस-०१ पद्धतीने, म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदीतून मालकी दाखवून. घरची जोडणी सीजीनॅटमागे (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटणारी कंपनीची व्यवस्था) असल्यामुळे ८० पोर्टवर बाहेरून कुणी पोचत नाही, आणि या पद्धतीला त्याची गरजही नाही.

टप्पा ४ मध्ये

पासकी (पासवर्डशिवाय उपकरणावरूनच लॉगिन) आणि विसरलेल्या पासफ्रेजची सोय. शब्दांच्या यादीत अजून उच्चाराला जवळचे शब्द आहेत, ते फोनवरून सांगताना गोंधळ होतो, ते काढायचे आहेत. कुणाच्या कीबोर्डवरून ऱ, ॲ किंवा ऑ चं वर न आलेलं रूप निघत असेल तर त्याची चिन्हं क्रमाने पाठवा, चाचणीच्या संचात घालू. पाठवताना स्वतःची खरी पासफ्रेज नको, फक्त तो शब्द.