आजींच्या कोपराचं माप

मी लातुरात स्वयंपाकघरांची कामं करतो. ओटा, ट्रॉल्या, वरची कपाटं, सगळंच. मागच्या उन्हाळ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाकडून फोन आला, ट्रॉली अडकतेय, बघून जा. काम माझ्याच हातचं होतं, सहा महिन्यांपूर्वीचं.

ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनलमध्ये ज्वारीचं पीठ साचलं होतं, बाकी काही नाही. साफ करून उठलो आणि भाकरीचा वास आला. शेगडी तर समोर बंद होती. वास मागून येत होता, धुण्याभांड्याच्या जागेतून.

तिथं आजी पाटावर बसून भाकरी थापत होत्या. शेजारी फरशीवर एका बर्नरची शेगडी आणि तिच्यापेक्षा उंच उभा सिलिंडर. माझ्या पोटात गोळा आला. शेगडी कायम सिलिंडरपेक्षा वर असावी लागते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगतच साचून राहतो, आणि आजी नेमक्या तिथंच बसलेल्या.

"आजी, इथं खाली कामून करताय?"

"मग कुठं करू लेकरा? तुझ्या त्या ओट्यावर खांदे भरून येतेत माझे."

सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाईंना खाली बसायचीच सवय आहे." मलाही ते पटलं असतं. पण तेवढ्यात आजी उठल्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, मध्ये दोनदा थांबून. असे गुडघे असलेलं माणूस हौसेनं खाली बसत नाही.

म्हटलं, आजी, ओट्यावर एक भाकर करून दाखवा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेनं रगड रगड रगडावं लागतं, नाहीतर थापताना कडा चिरतात. आणि ते रगडणं मनगटाचं नसतं, खांद्यापासून सगळं अंग त्यात उतरावं लागतं. खाली बसल्यावर आजींचं अंग आपोआप परातीवर झुकायचं. ओट्याशी मात्र त्या टाचा उचलून उभ्या राहिल्या, कोपरं पंखासारखी बाहेर गेली. पीठ दाबलं की परातच पुढं सरकायची. चौथ्या-पाचव्या दाबाला त्यांनी हात झटकला. तव्यावर भाकर टाकताना तर वाफ थेट तोंडावर.

मी टेप काढला. जमिनीपासून आजींचं कोपर ३५ इंच. माझा ओटा ३४. सूनबाईंचं कोपर ४० इंच, त्यांना तो अगदी बेताचा होता. आजींना काम करायला उरला एक इंच.

पहिल्यांदा आलो तेव्हा मी भिंती मोजल्या, खिडकी मोजली, फ्रिज मोजला. नळ रोज येत नाही म्हणून पाण्याच्या टाक्यांना जागाही सोडली. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते इथं कुणी विसरत नाही. रंग कोणता, हे दादांना आणि सूनबाईंना दहादा विचारलं. आजी तेव्हा बैठकीत डाळ निवडत बसल्या होत्या. दोन्ही वेळच्या दहा-दहा भाकरी त्या करतात, हे मी विचारलंच नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच मागच्या जागेत, खिडकीखाली, चार फुटांचा दुसरा ओटा बांधला. कडप्पाचा, २७ इंच उंच. सिलिंडर जेमतेम २५ इंच भरतो, म्हणजे शेगडी त्याच्या वर राहिली. मजुरी घेतली नाही. दादा आग्रह करत होते, पण हातच पुढं होईना.

पंधरा दिवसांनी कडप्पाचे पैसे घ्यायला गेलो. आजी ओट्याशी उभ्या होत्या, पाय जरा फाकवून, कोपरं सरळ, अंग परातीवर झुकलेलं. परातीखाली ओलं फडकं. थप-थप असा एका लयीतला आवाज येत होता. तव्यावरची भाकर टम्म फुगली, ती त्यांनी तशीच माझ्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी.

"जमला का ओटा, आजी?"

"जमला की." पुढचा उंडा हातात घेत त्या म्हणाल्या, "दोन बोटं अजून खाली पायजे होता."

मी परातीकडं बघितलं. तिचं बूड आणि खालचं फडकं मी मापात धरलंच नव्हतं.