चाकणहून आलेली काळी पूड

चाकणला प्लास्टिकचे पार्ट बनवणारे एक कारखानदार आमच्या प्रयोगशाळेत आले ते काळ्या पुडीची बरणी घेऊनच. "मॅडम, हे ग्राफीन. स्टीलच्या दोनशेपट मजबूत म्हणून घेतलं. प्लास्टिकच्या दाण्यात एक टक्का मिसळलं, तर पार्ट उलट लवकर तडकायला लागले."

पुडीकडे वळण्याआधी म्हटलं, खरं ग्राफीन कसं वागतं ते तरी बघा. एएफएमवर, म्हणजे बारीक टोकाने दाबून जोर मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, माझं काम चालूच होतं. सिलिकॉनच्या चकतीत मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या रुंदीची भोकं, त्यांवर ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पडदा. कोलंबिया विद्यापीठात 2008 साली याच पद्धतीने ग्राफीनची ताकद मोजली गेली. दाबायला टोक हिऱ्याचं लागतं. सिलिकॉनचं पडद्याआधी मोडतं.

स्क्रीनवर जोराची रेघ चढत गेली. पडदा शंभरएक नॅनोमीटर खाली वाकला. टोक वर घेतलं, तर परतीची रेघ आधीच्या रेघेवर तंतोतंत बसली, म्हणजे पडदा पूर्ववत झाला. हे कितीदाही पाहिलं तरी मला बरं वाटतं. मग पुन्हा दाबलं, या वेळी न थांबता. अडीच मायक्रोन्यूटनच्या पुढे पडदा फाटला, रेघ कोसळली.

"म्हणजे किती वजन?"

"साखरेच्या एका दाण्याहूनही कमी."

ते हसले. पण पडद्याची जाडी 0.335 नॅनोमीटर, त्या मानाने टोकाखालचा ताण 130 गिगापास्कलच्या आसपास जातो. दोनशेपट हा आकडा खोटा नाही, फक्त तो निर्दोष, मायक्रॉनभर तुकड्याचा आहे. एवढासा तडा आधीपासून असला, की हेच ग्राफीन ठिसूळपणे फाटतं.

मग पूड रामन यंत्राखाली ठेवली. लेसर पाडून परतलेल्या प्रकाशावरून ते पदार्थ ओळखतं. एकेरी थराचं आलेखावरचं 2700 या आकड्याजवळचं शिखर उंच, निमुळतं येतं. इथे ते बुटकं, एका बाजूला खांदा काढलेलं. सरळसरळ ग्रॅफाइट, म्हणजे अशाच थरांची जाड चळत! त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे प्लास्टिकवरचा भार आतल्या थरांपर्यंत धड पोचतच नाही. त्यात पूड नीट विखुरली नसेल, तर गुठळीपासूनच तडा सुरू होतो. 2018 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी साठ उत्पादकांचे नमुने तपासले होते. बहुतेकांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघालं.

"मग याचं करू काय?"

"वंगणात चालेल. ग्रॅफाइटच्या भावाने."

त्यांनी रिपोर्टच्या दोन प्रती मागितल्या. एक फाइलला, एक पूड विकणाऱ्याला.