अडकित्त्याचा जुलै

अण्णांनी अडकित्ता उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, याच्यावर ७/५७ लिहिलंय. तुमच्या कागदावर जुलै-५७ कसं काय?"

मी एका लहानशा वस्तुसंग्रहालयात कंत्राटी पद्धतीवर अभिलेखनाचं काम करते. ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे वस्तू दाखल झाल्याची मूळ नोंदवही, संगणकावर आणायची आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांना तयार करायचं, ही जबाबदारी माझ्याकडे आली. पुढे ही सगळी माहिती 'जतन'मध्ये जायची होती. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने खास संग्रहालयांसाठी बनवलेलं हे सॉफ्टवेअर. पण तिथे पोचायच्या आधी निदान एक्सेलसारखी रकान्यांची एक नीट शीट तरी हवी ना!

शिकायला पाच जण. एक लिपिक ताई, दालनांवरचे तिघे आणि भांडार सांभाळणारे अण्णा. अण्णांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं, "मी ऐकेन, पण हात लावणार नाही." मीही आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर मनातून त्यांचं नाव यादीतून कधीच काढलं होतं.

तीन महिन्यांत बाकीच्यांनी सगळं रजिस्टर टाइप केलं. युनिकोडमधली मराठी अक्षरं, इनस्क्रिप्ट कळफलक, कॉपी-पेस्ट जमायला लागलं. शिवराईवरचा मजकूर 'श्री राजा शिव' लिहायचा की नाण्यावर दिसतो तसा 'सिव', यावर दालनातल्या दोघांनी अर्धा तास वाद घातला तेव्हा तर मला भरूनच आलं. (उत्तर : नाण्यावर आहे तसं एका रकान्यात, शोधायला प्रमाण रूप दुसऱ्या रकान्यात.) मग मी यादी छापली आणि वस्तू पडताळायला भांडारात गेले. तिसऱ्याच कप्प्यात अडकित्ता निघाला.

आमच्याकडे नंबर द्यायची पद्धत जुनी आणि सोपी. १९५७ साली आलेली सातवी वस्तू ७/५७. तो आकडा रजिस्टरात असतो आणि वस्तूच्या मागच्या बाजूला, वार्निशच्या थरावर, बारीक अक्षरात असतो. हे दोन आकडे जुळले नाहीत की वस्तू कप्प्यात असूनही हरवलीच समजा.

तर ७/५७ टाइप केल्यावर शीटने परस्पर ठरवलं की ही तारीख आहे. मला वाटलं, एवढंच ना! टेबलावर लॅपटॉप होताच. अख्खा रकाना निवडला, 'टेक्स्ट' म्हणजे नुसता मजकूर केला. जुलै-५७ गेलं आणि त्या जागी आलं २१००२.

अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. "आपल्याकडे चार हजार वस्तू. ही एकवीस हजारावी कुठनं आली?"

शीट तारखा १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजून साठवते. १ जुलै १९५७ म्हणजे २१००२. हे मला ठाऊक होतं, पण ऐन वेळी घशाला कोरड पडली ती पडलीच. तीन महिन्यांचं काम, आणि किती नंबर बिघडलेत त्याचा पत्ता नाही. मी घाईने पूर्ववत केलं. मागून अण्णांनी छापील कागद ओढून घेतले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. पेन्सिलीने एकेक ओळ खुणावत वीसेक मिनिटं काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "दर साली पहिल्या बाराच वस्तू गेल्यात. १२/५७ गेली, १३/५७ जागेवर आहे. महिने बाराच ना, तेराव्याला काय करणार ते?"

मी आ वासून बघत राहिले. त्यांचं अजून संपलं नव्हतं. "२००८चं निराळं आहे. तिथं एकतीसपर्यंत गेल्यात."

खरंच की! ५७ नावाचा महिना नसतो, पण ०८ असतो; म्हणून ५/०८ हा शीटला ५ ऑगस्ट वाटला होता आणि ऑगस्टचे दिवस एकतीस. मी आधी सगळ्यांना एकच सूत्र लावणार होते : महिना, तिरकी रेघ, साल. तसं केलं असतं तर २००८च्या त्या एकतीस वस्तूंना एका फटक्यात एकच नंबर बसला असता, कारण त्या सगळ्यांचा महिना ऑगस्ट आणि साल, ज्या वर्षी टाइप केलं ते. २००१ ते २०१२च्या नोंदींसाठी दिवस आणि महिना, बाकी सगळ्या नोंदींसाठी महिना आणि साल, अशी दोन सूत्रं लिहिली. तरी माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. अण्णा मूळ रजिस्टरातून मोठ्याने वाचत गेले, मी शीटमध्ये बघत गेले. संध्याकाळचे साडेसात वाजले. पहारेकऱ्याने दोनदा डोकावून किल्ल्या वाजवल्या.

चूक टाइप करणाऱ्यांची नव्हती. रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवायला हवा होता, नाहीतर आकड्याआधी एक वरचं चिन्ह (') , म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, द्यायला शिकवायला हवं होतं. दोन्ही मी विसरले होते. लिपिक ताईंना पहिल्याच आठवड्यात जुलै दिसला होता. "तुम्ही शिकवलंय म्हणजे असंच असेल असं वाटलं," त्या म्हणाल्या. हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा वर्गात पुढच्या खुर्चीवर बसले. ते वरचं चिन्ह दाखवल्यावर म्हणाले, "म्हणजे टिकली." तेव्हापासून आमच्याकडे सगळे टिकलीच म्हणतात. एका बोटाने, पण नंबर आता तेच टाकतात. दुसऱ्या कुणाला टाकू देत नाहीत.

गेल्या महिन्यात एक दगडी जातं दाखल झालं. रजिस्टरात शाईने नोंद अण्णांनीच केली. सही करायला मी वही उघडली तर नंबराच्या आधी, वरच्या बाजूला, नीट काढलेली टिकली. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. मी तशीच सही केली.