तुम्ही विचारलंत म्हणून: नॅश की डॅन्टोनी?

“एकही फायनल न खेळलेल्या माणसाला दोन एमव्हीपी कशाला? आणि खापर फोडायचं कुणाच्या माथी, स्टीव्ह नॅशच्या की त्याच्या कोचच्या?” मी एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या फीनिक्स सन्सवाला आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच. (एमव्हीपी म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू.) विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, दुजोरा हवा असतो.

2004 मध्ये डॅलसच्या संघानं तिशीतल्या नॅशला जाऊ दिलं. आदल्या सीझनला 29 सामने जिंकलेली सन्स तो आल्यावर 62 जिंकली. भराभर शॉट घ्या, कोर्ट मोकळं ठेवा, ही आखणी कोच माइक डॅन्टोनीची. पण बोटं चाटत, केस कानामागे सारत येणारा नॅश ड्रिबल (चेंडूचे टप्पे) न तोडता रिंगखालून वळसा घालून परत बाहेर यायचा, तोवर कुणीतरी मोकळा झालेला असायचा. हे कुठला कोच फळ्यावर काढून देतो?

आता 2007. प्लेऑफमधल्या (बाद फेरीतल्या) मालिकेत सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्धचा चौथा सामना आमच्याकडे सकाळी लागला होता. शेवटची काही सेकंदं उरलेली, सन्स पुढे. नॅश साइडलाइननं चेंडू नेतोय आणि स्पर्सचा रॉबर्ट हॉरी त्याला असा धक्का देतो की तो थेट स्कोरर्स टेबलवर आदळतो. आमचे अमारे स्टाउडमायर आणि बोरिस डिआव बेंचवरून उठून चार पावलं पुढे आले. असिस्टंट कोचनी त्यांना लगेच मागे खेचलं. दोघांनी कुणाला बोटही लावलं नाही. पण भांडणात बेंच सोडायचा नाही, असा नियम. हॉरीला दोन सामने बंदी, या दोघांना एकेक. सामना जिंकून मालिका 2-2 झाली होती आणि पाचव्याला आमचे दोन मोठे खेळाडू घरी! तरी सन्स बराच वेळ पुढे होती. मग पाय जड झाले. 88-85 असे हरलो. पुढे मालिकाही गेली आणि पुढे स्पर्स चॅम्पियन झाले.

स्टाउडमायर असता तर? आत्याबाईला मिशा असत्या तर, ठाऊक आहे मला. तेव्हा मी ज्याला त्याला सांगायचो, दोष लीगचा. मित्र म्हणायचे, डॅन्टोनीनं वर्षभर सात-आठ जणांवर भागवलं, तर दोघे गेल्यावर बेंचवर उरणार कोण? हे मला तेव्हा झोंबायचं, आजही झोंबतं. तरी डॅन्टोनी 2008 मध्ये गेल्यावर 2010 ला ॲल्विन जेंट्रीच्या हाताखाली हाच नॅश, छत्तिशीत, सन्सना वेस्टच्या (लीगच्या पश्चिम विभागाच्या) फायनलपर्यंत घेऊन गेला, हे मित्रांना कधी आठवत नाही. आणि डॅन्टोनी कोच असताना ह्यूस्टननं 2017-18 मध्ये 65 सामने जिंकले ते नॅशशिवाय, हे मला सोयीनं आठवत नाही.

मग 2020 मध्ये ब्रुकलिन नेट्सनी नॅशलाच हेड कोच केलं. पुढच्या वर्षी मिलवॉकीविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटी शॉट घेताना नेट्सच्या केव्हिन ड्युरंटच्या बुटाचं टोक तीन गुणांच्या रेषेवर होतं. तीनऐवजी दोन मिळाले, नुसती बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये नेट्स हरले. बूट जरा मागे असता तर नॅश हुशार कोच ठरला असता ना? 2022 च्या नोव्हेंबरात त्याची नोकरी गेली, तेव्हा “बघ, डोकं डॅन्टोनीचंच होतं” असे मेसेज आले. ठीक आहे. पण ड्युरंटचा बूट रेषेवर पडला त्या सीझनला डॅन्टोनी नॅशचाच असिस्टंट होता. त्याचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा.