आमची वाटचाल : फर्म्याचा कोपरा

आमचा छापखाना एका जुन्या ट्रेडलवर, म्हणजे छोट्या छपाई मशीनवर, सुरू झाला. दोन भागीदार, खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) केसेस, भिंतीवर देवाची तसबीर. पहिली वर्षं चांगली गेली. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल.

काम वाढलं म्हणून मोठ्या सिलिंडर मशीनचा सौदा केला. माझी सगळी शिल्लक विसारात गेली, आणि त्याच आठवड्यात भागीदार वेगळा झाला. जाताना निम्म्या केसेस, कटर आणि मोठी गिऱ्हाइकं घेऊन गेला. उरलेली रक्कम मला भरता आली नाही, विसार बुडाला आणि ते मशीन त्यानेच उचललं. मी त्याला माफ केलंय. पण विसरलो म्हटलं तर खोटं होईल.

त्या रात्री तसबिरीसमोर उभा राहून भांडलो. रोज तुला हात जोडल्याशिवाय शाईच्या डब्याचं झाकण उघडत नाही, आणि माझ्याच वाट्याला हे?

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांचं सोळा पानी मासिक दर महिन्याला आमच्याकडे असायचं. केसेसमधले रिकामे खण त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "उशीर झाला तरी चालेल. काम इथंच होईल." पुढच्या दोन अंकांचे पैसे टेबलावर ठेवले. खिळे इतके कमी की सोळा पानं एकदम जुळवणं शक्यच नव्हतं. दोन पानं जुळवायची, छापायची, धुवायची, खिळे सोडून आपापल्या खणात टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढची दोन पानं. 'ण' संपला की काका वाक्य बदलून द्यायचे. स्टुलावर बसून प्रुफं वाचायचे. एकदाही घाई केली नाही.

काकांनी तरुणपणी स्वतः कंपोझिंग, म्हणजे खिळे जुळवायचं काम, केलं होतं. फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेली जुळवलेली पानं, उचलताना ते मला थांबवायचे. चेसमध्ये, म्हणजे त्या चौकटीत, पाचरी आवळल्या की एक कोपरा जरासा उचलून खाली लाकडाचा तुकडा सरकवायचा आणि बोटांनी सगळीकडे दाबून पाहायचं. एक खिळा जरी हलला, तरी फर्मा पुन्हा खाली. न तपासता उचललात तर दिवसभराची मेहनत जमिनीवर.

दिवसा हे काम आणि रात्री दुसऱ्याच्या प्रेसमध्ये ऑफसेट, म्हणजे रबरावरून कागदावर छापायची पद्धत, शिकायला जायचो. तिथल्या म्हाताऱ्या ऑपरेटरने मला आयरा रुबेलची गोष्ट सांगितली. 1904 च्या सुमारास अमेरिकेत त्याच्या लिथो (पाणी आणि तेलकट शाईने छापणाऱ्या) मशीनवर एकदा कागद घालायचा राहिला, मजकूर कागद दाबणाऱ्या सिलिंडरच्या रबरावर उमटला आणि पुढच्या कागदाच्या मागे रबरावरून जो छाप आला तो थेट छापापेक्षा स्वच्छ निघाला. आमचं ऑफसेट तिथून आलं. मला वाटतं, राहिलेला तो कागद देवानेच मागे ठेवला असावा. पाणी आणि शाईचा तोल सांभाळत मी मशीनसमोर तसाच उभा राहिलो. माझाही एक कागद राहिला होता.

पुढे खिळ्यांची कामं भराभर आटली. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं, प्लेटा आल्या. विसार बुडवून जे मशीन माझ्या हातून गेलं, ते शेवटी भंगाराच्या भावात विकलं गेलं. मला त्याचा आनंद झाला नाही. घरी येऊन तसबिरीसमोर बसलो, एवढंच. माझ्यावर कर्ज नव्हतं, हातात कला होती. जुनं ऑफसेट मशीन हप्त्यांवर घेतलं आणि पहिलं काम काकांच्या अंकाचं केलं.

धंद्यात नव्याने आलेल्यांना सांगतो, देवाकडे खूण मागत बसू नका. कोपरा उचलून बोटं फिरवा. कामगाराचा पगार थकलाय का, घरच्यांपासून काही लपवलंय का, दिलेला शब्द राहिलाय का? काही हलत असेल, तर वेळ आलेली नाही. आणि थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. खिळे खणात टाकत राहा.

आता मुलाला डिजिटल मशीन घ्यायचंय. कागदपत्रं तयार आहेत. काल रात्री दोघं बसलो, एकेक बाब पाहिली. आमच्या जुन्या ऑपरेटरला नवं काम कोण शिकवणार, हे अजून ठरलेलं नाही. सही थांबवली आहे. मुलगा आज सकाळपासून त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बसलाय.